वायसनभाऊंनी अंगावर घेतलेलं पत्र

वायसन नामालोम्बा हे नाव आमच्या झोम्बा गावात फारसं कुणी घेत नसे. पण गावाबाहेर, लुसाकाला, जोहान्सबर्गला, ग्लासगोला पोटासाठी गेलेली आमची जी माणसं होती, त्यांच्या तोंडी ते रोज असे. गावात ते शिक्षक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले मदतनीस. परत आलेल्या पुस्तकांवर शिक्का मारायचा, फाटक्या पानांना डिंक लावायचा, हे त्यांचं काम. उंच, किडकिडीत, कोटाची एक बाही दुसरीपेक्षा आखूड. सायकलच्या हँडलला कायम एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी केलेले कागद आणि एखादं उकडलेलं रताळं.

बाहेरगावच्या लोकांसाठी मात्र ते गटचालक होते. आमचे ईमेलचे तीन गट होते. एक मिशन शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा, एक आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आणि एक जिल्ह्यातून बाहेर गेलेल्यांचा. गटाच्या पत्त्यावर कुणी एक पत्र टाकलं की ते गटातल्या चारशे-पाचशे जणांना पोचायचं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, शाळेचं छप्पर उडालं, परदेशात खोली कुणाकडे मिळेल, सगळं तिथे. तिन्ही गट वायसनभाऊंनी उभे केले आणि सात वर्षं फुकट चालवले.

त्यांचा एक नियम फार कडक होता. एक पत्र एकाच गटावर टाकायचं. कारण बरीचशी माणसं तिन्ही गटांत होती. तुम्ही तिन्ही पत्ते घालून पत्र टाकलं की त्या बिचाऱ्यांना तेच पत्र तीनदा मिळे, आणि आमच्याकडे बहुतेक लोक पोस्टाशेजारच्या दुकानात मिनिटाचे पैसे मोजून ईमेल वाचत. वायसनभाऊ म्हणत, "शेजारी निरोप द्यायला गेलात तर आधी पुढच्या दारातून सांगता, मग मागच्या दारातून, मग पुन्हा खिडकीतून, असं करता का?" तिन्हीवर टाकायलाच हवं असेल तर पहिल्या ओळीत माफी मागायची, की हे तुम्हाला तीनदा मिळेल, राग मानू नका. आणि मयताची बातमी असेल तर शीर्षकात पहिला शब्द "मयत" लिहायचा. तो शब्द दिसला की त्यांनी लावलेली चाळणी पत्र अडवत नसे. मयताची बातमी अडवायची नाही, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याला कळवलं नाही तो जन्मभर विसरत नाही.

माझी त्यांची ओळख माझ्याच चुकीमुळे झाली. आमच्या घरी ह्यांना महाविद्यालयाने संगणक आणि फोनची लाइन दिलेली. मला कुणीतरी एक प्रार्थना पाठवली होती, बारा जणांना पाठवा म्हणून. मी म्हटलं, बाराच का? तिन्ही गटांवर टाकली. शनिवारी वायसनभाऊ सायकल घेऊन दारात. ह्यांनी त्यांना जेवायला बसवलं. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकी मासळी अगदी शांतपणे जेवले, हात धुतले, मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. लुसाकाला शिकणाऱ्या एका मुलीने त्यांना लिहिलं होतं. तिच्याकडे अर्ध्या तासाचे पैसे होते. माझी प्रार्थना, तिच्यातल्या फुलांच्या चित्रांसकट, तीनदा उतरवण्यात ते संपले. तिच्या आईचं पत्र होतं, ते न वाचताच तिला उठावं लागलं.

मला रडू आलं. ह्यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "भाऊ, तुमच्या चाळणीपुढे देवाचंही काही चालत नाही वाटतं." वायसनभाऊ हसले नाहीत. मी विचारलं, मी आता काय करू, म्हणजे भरपाई होईल? ते म्हणाले, "तुमच्याकडे लाइन आहे, सकाळचा वेळ आहे. माझ्याबरोबर खण बघाल का?"

खण म्हणजे चाळणीने अडवलेली पत्रं जिथे पडून राहायची ती जागा. जे पत्र एकाहून जास्त गटांवर टाकलेलं, किंवा ज्याचा पाठवणारा गटातला नाही, ते तिथे थांबे. आम्ही ते उघडून वाचायचं, खरं असेल तर पुढे सोडायचं, कचरा असेल तर टाकून द्यायचं. टाकलेलं परत मिळत नसे. त्यांनी मला आपलाच पासवर्ड दिला; त्याला ते चावी म्हणत. मी तो माझ्या रोजच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. मुलांना शाळेत धाडलं, लापशीची भांडी विसळली, सकाळची प्रार्थना झाली की मी बसायची. मव्हानोच्या, म्हणजे आमच्या मंडळीतल्या महिलांच्या, बैठकीत बायका चिडवायच्या, "ही आली आमची पोस्टमास्तरीण." मला ते आवडायचं. खोटं कशाला लिहू?

कचरा भयंकर असे. कुठल्या देशाची लॉटरी, कसल्या कसल्या गोळ्या. पण सगळ्यात जास्त पत्रं मेलेल्या माणसांची. मी अमक्या वारलेल्या मंत्र्याची विधवा, माझा नवरा विमान अपघातात गेला, त्याची पेटी बँकेत आहे, तुम्ही देवभीरू आहात असं कळलं म्हणून लिहिते. त्या खणात रोज पाचपन्नास माणसं मरत. शीर्षकं ठरलेली, तातडीचं, दुःखद, गोपनीय. पहिल्या आठवड्यात मी त्या विधवांसाठी खरोखर प्रार्थना केली होती. नंतर नुसतं शीर्षक बघून टाकू लागले. वायसनभाऊंनी ते ओळखलं आणि एकदा स्पष्ट सांगितलं, "तियांजानेच्या आई, प्रत्येक पत्र उघडायचं. दुःखातलं माणूस शीर्षक नीट लिहीत नाही."

मी हो म्हटलं.

त्या वर्षी थंडीत वायसनभाऊ ग्रंथालयाची जुनी पुस्तकं वाटायला गाडीबरोबर उत्तरेला कारोंगापर्यंत गेले. आठ दिवस खण माझ्या एकटीकडे होता. मी त्या वर्षी मव्हानोची अध्यक्ष होते, आणि बुधवारी दुपारी चार मंडळ्यांच्या बायका आमच्याकडे जमायच्या होत्या. साठ जणींचे मंडाझी, आमचे गोड वडे, तळायचे. सकाळी खण उघडला तर तीनशे चाळीस पत्रं. मी वरून खाली नजर फिरवली. एकाही शीर्षकात "मयत" नव्हतं. तेल तापलं होतं. मी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि सगळं एकदम टाकून दिलं.

"तातडीचं आणि दुःखद" असं एक शीर्षक त्या यादीत डोळ्यांखालून गेलं होतं. मला ते आठवत नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण आठवतं. वहीत त्या दिवशी मी लिहिलंय: बुधवार. खण स्वच्छ केला. मंडाझी कमी पडले नाहीत. देवाची कृपा.

संध्याकाळी बायका पांगत असतानाच कळलं, की शेजारच्या जाली गावची फालेसी मंगळवारी रात्री दवाखान्यात वारली. फालेसी म्हणजे हॅनेक संदारामूची बायको, एस्तेरे आजींची धाकटी मुलगी, दोन लहान लेकरांची आई. गुरुवारी आम्ही पांढरे ब्लाउज, काळे स्कर्ट घालून जालीला गेलो. बायका आत चटयांवर, पुरुष बाहेर आंब्याखाली, नेहमीसारखं. प्रेत अजून दवाखान्यातच होतं. मी भजन सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात बाहेरून कुणाचा तरी आवाज आला. "मामांची काळजी नको. हॅनेकने काल सकाळीच पत्र टाकलंय, तिन्ही गटांवर. ग्रेशम मामा शाळेच्या गटावर रोज बघतात. शनिवारपर्यंत पोचतील."

माझी ओळ चुकली. शेजारच्या बाईने सांभाळून घेतलं.

ग्रेशम लिकाग्वा हे फालेसीच्या आईचे भाऊ, बोत्स्वानात फ्रान्सिसटाउनला शिक्षक. आमच्याकडे बाईचा मामा म्हणजे तिचं छत्र. लग्नात तोच जामीन राहतो, भांडण झालं तर तोच मिटवतो, आणि ती गेली तर त्याच्या शब्दाशिवाय खड्ड्यात माती पडत नाही. ग्रेशम मामांनी महिन्यापूर्वीच शाळा बदलली होती, जुना फोन लागत नव्हता. त्यांना गाठायचा रस्ता म्हणजे ते एक पत्र.

घरी येऊन मी खण उघडला. त्यात नवीन वीसेक पत्रं होती, सगळी गोळ्यांची. तिन्ही गटांवर पाहिलं. फालेसीचं नाव कुठेच नव्हतं.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे लहान पोरालाही कळेल. जालीला परत जायचं, हॅनेकला सांगायचं, बाबा, पत्र माझ्या हातून गेलं, पुन्हा टाक. गुरुवार होता. अजून वेळ होता. मी गेले नाही. मी म्हटलं, कदाचित त्याचं पत्र दुसरीकडेच अडकलं असेल. मग म्हटलं, मामांना कुणीतरी कळवलंच असेल. शुक्रवारी दुपारपर्यंत मला राहवेना, तेव्हा मी एक चार ओळींची बातमी लिहिली, खाली मव्हानोची अध्यक्ष म्हणून नाव घातलं, आणि मंडळीच्या गटावर टाकली. फक्त मंडळीच्या. तिथे माझं नाव शोभून दिसलं असतं, कुणी काही विचारलं नसतं. शाळेच्या गटावर टाकली असती तर पहिला प्रश्न आला असता, की घरच्यांचं पत्र कुठाय? एक पत्र एका गटावर. नियमाचं पालन मी त्या दिवशी केलं. ग्रेशम मामा मंडळीच्या गटात नव्हते.

दवाखान्यातलं शवागार विजेअभावी चालेना. हॅनेकने गावच्या मुखियापुढे हात जोडले, की आता तिला आणखी ठेवू नका. शनिवारी तिला पुरलं. एस्तेरे आजी रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्ही माती पडेपर्यंत गात होतो. आवाज लावणारी मीच.

ग्रेशम मामांना कळलं सोमवारी, फ्रान्सिसटाउनच्या बाजारात, मंडळीच्या गटात असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून. चार बस बदलून ते गुरुवारी आले. खिशात मंडळीच्या गटावरचं माझं पत्र छापून आणलेलं. त्यांनी हॅनेकला सगळ्यांसमोर विचारलं. शाळेच्या गटावर एक ओळ नाही, जिल्ह्याच्या गटावर नाही, आणि मी ज्या गटात नाही त्याच्यावर पुरण्याच्या आदल्या दिवशी बातमी, का? माझी भाची घाईने का पुरली? तिच्या पोटात काय गेलं होतं?

एकदा असा प्रश्न विचारला गेला की तो गावभर फिरतो. आमच्या जिल्ह्यात नवरा बायकोच्या गावात येऊन राहतो; ती गेली की तो तिथला कुणी नाही, मामाच्या मर्जीवर. हॅनेकला सांगितलं गेलं, की शुक्रवारी बैठक होईल. त्यात तुझं खरं ठरलं नाही तर सामान उचल, आणि लेकरांना बघायलाही या गावात पाय ठेवू नकोस. तो सांगत होता, मी पत्र टाकलं, तिन्हीकडे टाकलं. कुणाचाच विश्वास नव्हता. पोस्टाशेजारच्या दुकानदाराच्या पत्त्यावरून पाठवलेलं, त्याची खूणसुद्धा उरली नव्हती.

त्याच गुरुवारी वायसनभाऊ उत्तरेहून परतले. वाटेतच त्यांच्या कानावर आलं होतं. संध्याकाळी आमच्याकडे आले, सायकल भिंतीला टेकवली, बसले नाहीत.

"तियांजानेच्या आई, गेल्या बुधवारी खण कुणी बघितला?"

"मी."

"उघडून?"

मी मानेनेच नाही म्हटलं. मी थोबवा, मक्याचं आंबवलेलं पेय, आणून दिलं, ते उभ्याउभ्याच प्यायले, भांडं स्वतः विसळून ठेवलं. मग म्हणाले, उद्या जालीला बैठक आहे, मी जातो. मी म्हटलं, मीही येते. देवाशपथ सांगते, तेव्हा मला बोलायचंच होतं.

बैठकीला वायसनभाऊ, अपराध कबूल करणारा आणतो तसा, एक कोंबडा घेऊन आले, आणि खुर्ची दिली असतानाही ग्रेशम मामांच्या पायाशी जमिनीवर बसले. कोटाच्या त्या आखूड बाहीतून मनगट बाहेर आलेलं. त्यांनी सांगितलं, पत्र आलं होतं. हॅनेकने खरोखर तिन्ही गटांवर टाकलं होतं. पत्ता अनोळखी म्हणून चाळणीने अडवलं, आणि मग ते कचऱ्यात गेलं.

मुखियाला ईमेल, चाळणी यातलं काही माहीत नव्हतं. त्याने दोनदा समजावून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या बायकाही पीठ चाळतात. त्या कोंडा टाकतात आणि पीठ ठेवतात. शिकलेल्या लोकांची पद्धत उलटी दिसते." आंब्याखाली सगळे हसले. वायसनभाऊ म्हणाले, "हो, तसंच झालं खरं."

ग्रेशम मामा हसले नव्हते. त्यांनी वाकून विचारलं, "तुमच्याच हातून टाकलं गेलं?"

"चावी माझी आहे, मामा. तेव्हा हात माझाच."

मी बायकांत चटईवर बसले होते, दहा पावलांवर. त्या चटईच्या कडेची एक काडी निघाली होती, ती मी बोटाला गुंडाळत होते. शेजारची बाई माझ्या कानाशी लागली. "बघा तरी. एवढी पुस्तकं सांभाळतो, आणि मेलेल्या बाईचं पत्र उकिरड्यावर टाकतो."

मी "हं" म्हटलं.

तेवढंच म्हटलं मी त्या बैठकीत.

हॅनेक सुटला. मामांनी सगळ्यांसमोर त्याचा हात धरला, आणि लेकरं मोठी होईपर्यंत तू इथेच राहा म्हणाले. वायसनभाऊंकडे त्यांनी बघितलं नाही. परतताना वायसनभाऊ सायकल ढकलत चालत होते, मी मागे. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "भाऊ, असं का सांगितलंत?"

"मी खोटं काय बोललो? चावी मीच दिली होती," ते म्हणाले. "तुमच्या नावाचं काय करायचं, ते तुम्ही बघा." त्या विषयावर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

ग्रेशम मामांनी परत गेल्यावर तिन्ही गटांवर लिहिलं. मग काय, सगळेच लिहू लागले. ज्यांची शेकडो पत्रं वायसनभाऊंनी सात वर्षं निगुतीने पोचवली होती, त्यांनीच लिहिलं, की या माणसाकडून चावी काढून घ्या. त्यांनी ती दिली. ब्लांटायरचा एक वकील आता गट चालवतो. त्याला सवड नसते, त्यामुळे चाळणीही नाही. एकेक पत्र तीनदा येतं, लॉटऱ्या थेट येतात, आणि मंत्र्यांच्या विधवा मंडळीच्या गटावर खुशाल बसलेल्या असतात. ग्रंथालयात मुलं वायसनभाऊंना पाठीमागे "पत्रखाऊ" म्हणू लागली. ते शिक्के मारत राहिले. बाजारात दिसले की थांबून विचारत, "तियांजानेच्या आई, बरं आहे ना घरी?" मी टोमॅटोच्या ढिगाकडे बघून हो म्हणायची. पुढेपुढे ते लांबून दिसले की मीच दुसरी गल्ली घ्यायची.

असे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी वीस बैठकांत प्रार्थना चालवली. वहीत रोज लिहिलं, कुठलं वचन वाचलं, कोण आजारी, किती मका दळला. ही गोष्ट एका दिवशीही लिहिली नाही. देवाला सांगितली, असं म्हणायची. पण देवाला सांगणं मला परवडत होतं, तो काही जालीला जाऊन कुणाला सांगणार नव्हता.

मग एका रविवारी ह्यांनी जेवताना सांगितलं, की मंडळीत नवे सेवक निवडायचे आहेत, आणि कुणीतरी वायसन नामालोम्बांचं नाव सुचवलं. हे मंडळीच्या वडीलधाऱ्या पंचांपैकी एक, त्या बैठकीत होते. हसून म्हणाले, "एका मिनिटात विषय संपला. पत्रखाऊला मंडळीची पत्रं कोण देणार? मीच म्हटलं, जाऊ द्या."

मी पुढ्यातलं ताट बाजूला केलं आणि सांगितलं. बुधवारपासून सगळं, क्रमाने. तेलापासून चटईच्या काडीपर्यंत.

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. न्सिमावर साय धरली. मग एवढंच म्हणाले, "पाच महिने?" आणि थोड्या वेळाने, "तू जालीला जा. मंडळीला मी सांगतो. मला तेच अवघड जाणार आहे, ते मी करतो."

सोमवारी मी मव्हानोचं अध्यक्षपद लिहून सोडलं. मग तिन्ही गटांसाठी पत्र लिहिलं. पहिली ओळ, तुमच्यापैकी काहींना हे तीनदा मिळेल, माफ करा. मग बाकीचं, खाली नाव, नुसतं नाव. चाळणी नव्हतीच, लगेच सगळीकडे गेलं. लोकांनी काय काय लिहिलं ते मी उघडून वाचलं, एकही पत्र न सोडता. बरंचसं खरं होतं. ग्रेशम मामांचं एका ओळीचं आलं: माझ्या बहिणीला भेटा.

पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. वायसनभाऊ काउंटरवर होते. मी म्हटलं, मी लिहिलं. ते म्हणाले, "कळलं मला. मला तीनदा मिळालं." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "वर माफी लिहिली होतीत, ते चांगलं केलंत. एवढ्या वर्षांत कुणी लक्षात ठेवलं नाही."

"भाऊ, वकिलांना सांगून चावी परत मागू का?"

"नको." त्यांनी एका पुस्तकावर शिक्का मारला, तारीख नीट उमटली का ते बघितलं. "आता मी प्रत्येक पत्र दहा दहा वेळा वाचीन. ते काम तसं होत नसतं." रागावून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी मी कोंबडा घेऊन जालीला गेले, एकटी. एस्तेरे आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हॅनेक कणगीला नवं कूड घालत होता, धाकटी पोर त्याच्या पायांत. मी कोंबडा खाली ठेवला, जमिनीवर बसले आणि सांगितलं. आजींनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. त्यांना ऐकू येतंय की नाही, म्हणून मी पुन्हा सांगू लागले.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता मला एक सांग. त्या पत्रात माझ्या लेकीबद्दल काय लिहिलं होतं?"

मी कोंबड्याच्या बांधलेल्या पायांकडे बघितलं.

"तूच टाकून दिलंस ना? मग तुला माहीत असेल. मला वाचता येत नाही. भावाला मिळालं नाही. मग कुणाला माहीत?"

"आजी, मी ते उघडलंच नव्हतं."

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बैठकीत, त्या मातीच्या ढिगापाशी, ह्यांच्यासमोर, कुठेच मला इतकं लाजल्यासारखं झालं नव्हतं. चोराला निदान आपण काय नेलं ते माहीत असतं.

कूड घालता घालता हॅनेक थांबला होता. हात दोरीवरच्या चितेंज्याच्या कापडाला पुसून घरात गेला, भजनाचं पुस्तक घेऊन आला. त्याच्या पुठ्ठ्याआड चार घड्या घातलेला वहीचा कागद होता. दुकानात मिनिटं मोजतात म्हणून त्याने पत्र आधी कागदावर लिहून नेलं होतं. बैठकीच्या दिवशी हा कागद का दाखवला नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बैठकीच्या आदल्या दिवशीच दाखवला होता, ताई. मामांनी उघडलाही नाही, म्हणाले, कागद काय, आजही लिहिता येतो."

त्याने तो आजींना दिला नाही, मला दिला. "तुम्हीच वाचा."

पेन्सिलीचं अक्षर घाईचं, दोन जागी ओलीने पसरलेलं. मी मोठ्याने वाचलं.

"हे पत्र मी तिन्ही गटांवर टाकतो आहे. तुमच्यापैकी काहींना ते तीनदा मिळेल, त्याबद्दल माफ करा. वायसनभाऊ, नियम मला माहीत आहे, पण आज कोण कुठे बघेल ते मला ठाऊक नाही. ग्रेशम मामा, फालेसी काल रात्री गेली. शेवटी तिने पाणी मागितलं आणि आई कुठे आहे म्हणून विचारलं. त्रास फार झाला नाही. तुम्ही येईपर्यंत आम्ही तिला ठेवतो. लवकर या."

आजींच्या मांडीवर शेंगा तशाच होत्या. "मी कुठे म्हणून विचारलं?" त्या म्हणाल्या. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं." हॅनेक म्हणाला, पत्रात लिहिलं होतं, मला वाटलं मामा आल्यावर वाचून दाखवतील.

"पुन्हा वाच," आजी मला म्हणाल्या.

मी वाचलं. मग आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा पहिल्या ओळीपाशी माझा आवाज गेला, तेव्हा त्या थांबल्या, मी पुन्हा सुरू करेपर्यंत. माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मी उठले तेव्हा त्यांनी हॅनेकला एवढंच सांगितलं, की कोंबड्याचे पाय सोड, किती वेळ बांधून ठेवणार.